सुमेधला ओटीत घातलं तेव्हा

डॉक्टरांनी खिशातून लाल लोकरीचा गोंडा काढला आणि तेजसच्या नाकासमोर हलवला. तेजसने तो हिसकावून थेट तोंडात कोंबला. "शाब्बास," डॉक्टर म्हणाले. मग तोच गोंडा निनादपुढे. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग गोंड्याकडे, आणि चोरून घेतल्यासारखा हळूच ओढून घेतला. मी हसले. कोल्हापूरला तपासणीला आलं की मला निकाल घ्यायला शाळेत गेल्यासारखं व्हायचं. दोघं पास झाले होते.

तिसऱ्यांदा गोंडा सुमेधपुढे आला. सुमेध माझ्या थोरल्या जावेच्या, अक्काच्या मांडीवर होता. त्याने गोंडा बघितला. डोळे मोठे केले, सगळं अंग ताठ केलं, तोंड उघडलं. त्याला तो हवा होता हे मला तिथून दिसत होतं. पण मुठी काही उघडल्या नाहीत.

"लाजतोय तो," मी म्हणाले. "नवीन माणूस बघितलं की असंच करतो."

डॉक्टरांनी सुमेधला टेबलावर उताणं निजवलं आणि दोन्ही हातांना धरून वर ओढलं. मान मागे लोंबत राहिली. पाय फाकवायला गेले तर ते कात्रीसारखे एकमेकांवर चढले.

"याला घरी कोण सांभाळतं?"

"मी," अक्का म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली. तिथून पुढे डॉक्टर तिच्याशीच बोलत राहिले.

"बसतो का?"

"उशीच्या आधारानं. उशी काढली की कलंडतो."

"पालथा पडतो?"

"नाही."

"हात तोंडाकडे नेतो?"

"उजवा नेतो. डाव्याची मूठ आंघोळीच्या वेळी मीच उघडते. आत मळ साचतो."

मी त्याची आई. आणि हे सगळं मी तिथे, त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा ऐकत होते.

डॉक्टरांनी हात धुतले, पुसले, मग समोर येऊन बसले. "तिघंही आठव्या महिन्यात जन्मलेत, म्हणून आपण बसण्या-रांगण्याला दोन महिन्यांची सूट देत होतो. याला आता सूट देऊन भागणार नाही. जन्माच्या वेळी याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला असावा. हातापायांना हुकूम देणारा भाग दुखावलाय. बुद्धी चांगली असू शकते. व्यायाम मनापासून केलेत तर बसेल, उभाही राहील. चालेल का, ते मी आज सांगत नाही."

"ऐकू येतं न्हवं त्याला?" अक्काने विचारलं.

"येतं. चांगलं येतं."

"मग झालं," अक्का म्हणाली आणि सुमेधला दुपट्यात गुंडाळायला लागली.

एस.टी.ने गडहिंग्लजला परत निघालो. तेजस आणि निनाद माझ्या मांडीवर एकमेकांचे केस ओढत होते. सुमेध अक्काच्या खांद्यावर झोपला होता. मी खिडकीतून उसाचे फड बघत होते आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. पहिल्या वाढदिवसाला सुमेध अक्काच्या ओटीत जायचा होता. ते ठरलेलं होतं. सगळ्या पै-पाहुण्यांना ठाऊक होतं.

ते कसं ठरलं हे सांगायला हवं.

अक्काला मूल नव्हतं. तिचं आणि भावजींचं बिऱ्हाड इचलकरंजीला. भावजींचे तिथे माग होते. आमचं घर गडहिंग्लजला. माझे यजमान डेपोत मेकॅनिक, आणि घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्ती म्हणायचो. मला बरीच वर्षं दिवस राहिले नाहीत म्हणून औषधं चालू केली, आणि राहिले ते एकदम तीन. पोरं जन्मली तेव्हा एकेकाचं अंग सोललेल्या रताळ्याएवढं. अक्का चार दिवसांसाठी म्हणून आली. सगळ्यांत बारकं जे होतं, सुमेध, त्याला दवाखान्यातल्या सिस्टरने तिच्या छातीशी बांधून दिलं, ऊब मिळावी म्हणून. ती मग परत गेलीच नाही.

तीन पोरं म्हणजे काय हे लांबून कळत नाही. लोक दारात येऊन म्हणायचे, किती गोड, एकदम तीन! एकाला पाजून खाली ठेवावं तर दुसरा उठायचा, दुसऱ्याचं होतंय तोवर तिसरा, आणि तिसऱ्याचं संपेतोवर पहिला परत ओला. लशीचा डोस दिला की तिघांना एकदम ताप. सर्दी झाली की घरभर घुरघुर. कुणाला औषध पाजलं आणि कुणाला राहिलं याचा घोळ होऊ नये म्हणून मी तेजसच्या पायात काळा दोरा बांधला आणि निनादच्या मनगटात. सुमेधला बांधला नाही, कारण तो ओळखूच यायचा. तो कायम अक्काकडे असायचा.

एका दुपारी मी न्हाणीत जाऊन आतून कडी लावली, नळ पुरा सोडला आणि ओल्या फरशीवर बसून राहिले. पाण्याच्या आवाजात रडणं ऐकू येत नव्हतं. किती वेळ गेला ठाऊक नाही. आत्तींनी दार बडवलं तेव्हा हौद भरून पाणी बाहेर वाहत होतं. त्यांनी मला ओढून उठवलं, लुगड्याच्या पदराने माझे पाय पुसले. शिव्या दिल्या नाहीत. ती बाई एरवी साध्या गोष्टीला घर डोक्यावर घ्यायची, त्या दिवशी माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "पोरी, एक लेकरू अक्काला दे. तिचं घर भरंल आणि तू जगशील."

मी लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच की आत्तीच दचकल्या.

यजमान दोन दिवस बोलले नाहीत, मग तेही तयार झाले. कोणता द्यायचा हा प्रश्नच नव्हता. सुमेध तिचाच झाला होता. वर्ष झालं की वाढदिवसाला ओटीत घालायचं, तोवर अक्काने इथेच राहायचं, असं ठरलं.

मग पोरं वाढायला लागली. तेजस पालथा पडला तेव्हा आत्तींनी गल्लीभर साखर वाटली. निनाद पडला तेव्हाही वाटली. सुमेधची साखर राहिली, पण ती राहिली हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तेजस बसला, निनाद घसरत घसरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचला, आणि या दोघांच्या मागे धावताना सुमेध शांतपणे कुणाच्या तरी मांडीवर आहे याचं मला बरंच वाटायचं.

तर कोल्हापूरहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी भावजी आले. बातमी त्यांना कळवली होती. सोप्यात सगळे बसले. भावजी वाईट माणूस नव्हते, आजही म्हणत नाही. दिवसभर मागांच्या खडखडाटात राहून त्यांना मोठ्याने बोलायची सवय झाली होती, पण त्या दिवशी ते हळू बोलत होते.

"दिनकर," ते माझ्या यजमानांना म्हणाले, "मी आता उतरणीला लागलोय. उद्या मला उचलायला कुणीतरी पाहिजे म्हणून मूल घेणार. ह्याला कुणी उचलायचं?"

"बरोबर आहे, दादा," यजमान म्हणाले. "आमची जबरदस्ती नाही. तेजसला न्या, निनादला न्या."

आत्तींनी लगेच मान हलवली. "अधू लेकरू थोरलीच्या पदरात टाकलं तर लोक शेण घालतील आपल्या तोंडात. धडकं द्यायचं."

अक्का सुमेधला घेऊन खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मला हाच पाहिजे."

"अगं, कळतंय का तुला?"

"मला हाच पाहिजे," ती पुन्हा म्हणाली. "दुकानात आलोय काय आपण, बदलून घ्यायला?"

भावजी उठले. "तुझी पिशवी भर. नऊ महिने झाले, माझ्या घरात चूल नाही. वाढदिवसाला येऊ, तेव्हा बघू."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी गप्प होते. आई आहे, गलबलून आलं असेल, असं त्यांना वाटलं असावं. खरं म्हणजे मी मनातल्या मनात म्हणत होते, अक्का, हट्ट सोडू नकोस. न्यायचा तर हाच ने. मला हे झेपणार नाही.

अक्का गेली. जाताना सुमेधला तिने माझ्या हातात दिलं, तेव्हा तो लाकडासारखा ताठ झाला आणि जो रडायला लागला तो दिवस मावळेपर्यंत.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. सुमेध माझ्या हातून खाईना. नाचणीचं सत्त्व भरवलं की जिभेने बाहेर ढकलायचा, नाहीतर ठसका लागून निळा पडायचा. कुकरची शिट्टी झाली की अंग झटकून किंचाळायचा. त्याचे व्यायाम करायला घ्यावेत तर तेजस चुलीकडे गेलेला, निनादने तांदळाचं सूप पालथं केलेलं. एकदा मी सुमेधला भिंतीशी उशांमध्ये रचून ठेवलं आणि दोघांना जेवायला घातलं. परत आले तर तो कलंडून उशीत तोंड खुपसून पडला होता. रडत नव्हता. मी उचललं तेव्हा मोठा श्वास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. माझ्या तोंडातून निघून गेलं, "देवा, ह्याला तरी ने नाहीतर मला तरी ने." आत्ती दळण घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून तेजस-निनादचं दुपारचं भरवणं त्यांनी अंगावर घेतलं. गुडघे धरून धरून करायच्या, पण करायच्या.

त्यामुळे दुपारी थोडा वेळ सुमेध आणि मी एवढेच असायचो. माझी चिडचिड व्हायची. मी त्याला कसाही धरायची, तो कसाही ताणायचा. एकदा कंटाळून मी त्याचे गुडघे दुमडून पोटाशी घेतले आणि घडी घातल्यासारखा त्याला हाताच्या कोपरात धरला, आणि बघते तर त्याचं सगळं अंग सैल पडलं. मान जागेवर आली. मी चमचा लावला. हनुवटी खाली असली की तो गिळू शकत होता. एवढंच पाहिजे होतं त्याला.

मग मला एकेक कळायला लागलं. त्याला मोठा आवाज सोसत नाही, पण गुणगुणलेलं आवडतं. त्याला उजवीकडून हाक मारली तर चटकन वळतो, डावीकडून मारली तर वेळ लागतो, पण वळतो. निनाद शिंकला की त्याला हसू फुटतं. त्याचं हसू उशिरा यायचं, आधी पोटात हलायचं, मग तोंडाशी पोचायचं, आणि पोचेपर्यंत आपल्याला वाट बघावी लागायची. मी वाट बघायला लागले. तेजस भिंतीला धरून उभा राहिला, आत्तींनी पुन्हा साखर वाटली, मलाही आनंद झाला. पण दुपारची मी वाट बघायची ती सुमेधच्या हसण्यासाठी.

एकदा तो असाच घडीत बसला होता. त्याची डावी मूठ माझ्या छातीवर टेकली होती. मी काही करत नव्हते, काही म्हणतही नव्हते. आणि ती मूठ आपोआप उघडली. एकेक बोट. तळवा माझ्या गळ्याजवळ पसरला, ओलसर, गरम. थोडा वेळ राहिला आणि परत मिटला. मूठ उघडली म्हणून कुणी साखर वाटत नाही. मी डब्यातून चिमूटभर घेतली आणि माझ्याच तोंडात टाकली.

वाढदिवस आला. शेजारच्या बायका, डेपोतली माणसं, माझ्या माहेरचे, सोपा भरून गेला. अक्का आणि भावजी सकाळच्या गाडीने आले. अक्का वाळली होती. भावजींनी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं, "हिनं मला हरवलं, दिनकर. जेवण टाकलं, बोलणं टाकलं. सुमेधलाच न्यायचं." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्या मागावरचा एकजण म्हणाला, मालक, मूल काय काठी म्हणून घेता काय? ते लागलं मला."

यजमानांनी त्यांचे पाय धरले. आत्ती रडायला लागल्या. सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं.

सुमेध माझ्या कोपरात होता. अंगणातूनच अक्काचा आवाज आला, "कुठाय माझा राजा?" आणि त्याचं अंग ताठलं. मला वाटलं घाबरला. पण ते हसू होतं. या खेपेला वाट बघावी लागली नाही. खदखदून, तोंडाला लाळ सुटेपर्यंत हसला. तीन महिन्यांत तो तिला विसरला नव्हता.

अक्काने त्याला उचलून खांद्यावर टाकलं. मी शिकलेल्या पद्धतीने नाही, तिच्या स्वतःच्या. आणि तो सैल पडला.

तेवढ्यात तेजस पाटावरून पडला, ओठ फुटला. त्याचं रक्त बघून निनादने भोकाड पसरलं. मी एकाला काखेत, एकाला कडेवर घेऊन न्हाणीकडे धावले, ओठ धुतला, हळद लावली, दोघांना थोपटलं. परत आले तेव्हा अक्का खांबाशी बसून सुमेधला खीर भरवत होती. समोर एवढी माणसं, एवढा गोंगाट, पण तिला कशाचंच भान नव्हतं. चमचा न्यायची, थांबायची, त्याचा गळा हलला की पुढचा. वाटी रिकामी होत आली होती. मला त्याच वाटीला सगळी दुपार लागायची, आणि त्या दुपारीतही माझा एक कान बाहेर असायचा.

ओटीची तयारी करायला मी स्वयंपाकघरात गेले. तांदूळ, नारळ, खण. अक्का मागोमाग आली. सुमेध तिच्या खांद्यावर.

"राजश्री," ती म्हणाली, "सगळ्यांनी आपापलं सांगितलं. तुला कुणी विचारलंच नाही. तुझं मन तयार आहे न्हवं?"

मी नारळाची शेंडी सोलत राहिले.

"तू नको म्हणालीस तर मी मोकळ्या हातानं जाईन. राग धरणार नाही. पण तेजसला नेणार नाही आणि निनादलाही नेणार नाही."

'नको नेऊस' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. खोटं सांगत नाही, तोंड उघडलंसुद्धा होतं. मला सांगायचं होतं की त्याची घडी कशी घालायची ते मला येतं आता, त्याचं हसू कुठून निघतं ते मला ठाऊक आहे. बाहेर निनाद पुन्हा रडायला लागला होता आणि तेजस "आ, आ" करून मला बोलावत होता. सुमेधने अक्काच्या मानेत तोंड खुपसलं होतं. माझ्याकडे त्याच्यासाठी काय होतं? दोघं झोपले तर दुपार, नाहीतर भिंतीशी रचलेल्या उशा. तिच्याकडे त्याला अख्खी मांडी मिळणार होती. सकाळपासून रात्रीपर्यंत, वाटेकरी नसलेली.

"घेऊन जा, अक्का," मी म्हणाले.

"नक्की?"

"त्याला भरवताना हनुवटी खाली ठेव. आणि गुडघे दुमडून घेतलेस तर अंग सोडतो."

मी नारळ तिच्या हातात दिला आणि बाहेर आले.

सगळ्यांच्या समोर मी सुमेधला तिच्या ओटीत घातलं. यजमानांनी फोटो काढून घेतला. त्यात मी हसते आहे. अक्का-भावजी त्याला घेऊन गेल्यावर यजमान म्हणाले, "सुटलीस बाई." त्यांना तसं मनापासून वाटत होतं, काळजीनेच म्हणाले. मी मान हलवली. कितीतरी दिवस माझा डावा हात कोपरात आपोआप वळायचा, आणि कुणी बघायच्या आत मी तो सरळ करायची.

गावाने जे बोलायचं ते बोललं. धडकी दोन ठेवून घेतली आणि लंगडं पोर वांझ जावेच्या गळ्यात मारलं. हळदीकुंकवाला गेले की बायका बोलता बोलता थांबायच्या. मी कधी कुणाला उलटून सांगितलं नाही. तो मला ठेवायचा होता असा एक शब्द कुणाला बोलले असते तर तो फिरत फिरत इचलकरंजीला पोचला असता. अक्काला कळलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी सुमेधला आणून माझ्या दारात ठेवलं असतं. ती तशीच होती.

सुमेध उशिरा बसला, त्याहून उशिरा उभा राहिला. शाळेत भावजी त्याला उचलून नेऊन बाकावर बसवायचे, थकलेल्या पाठीने, आणि एकदाही कुरकुरले नाहीत. आता तो दोन कुबड्यांवर चालतो. कॉम्प्युटरवर कापडाची डिझाइनं काढतो, एका बोटाने, पण त्याच्या डिझाइनांना मागणी आहे. अक्काला आई म्हणतो, मला काकू. त्याला सगळं ठाऊक आहे. लपवलं कुणीच नव्हतं.

गेल्या दिवाळीत मी इचलकरंजीला गेले होते. दुपारचं जेवण झालं होतं. अक्का पाटावर बसून लसूण सोलत होती. सुमेध माझ्यासमोर खुर्चीत. इकडचं तिकडचं बोलता बोलता त्याने एकदम विचारलं, "काकू, एक विचारू? राग मानू नकोस. मी असा होतो म्हणून दिलंस मला?"

त्याचे शब्द अजूनही सावकाश येतात, वाट बघावी लागते. मी वाट बघितली आणि प्रश्न पुरा ऐकला. अक्काचे लसूण सोलणारे हात थांबले होते. तिने मान वर केली नाही. म्हातारी झाली आहे ती आता, पाठीला बाक आलाय, भावजी गेल्यापासून तिच्या आयुष्यात हा एकच आहे. मी खरं सांगितलं असतं तर या वयात तिला वाटलं असतं की आपण दुसरीच्या काळजाचा तुकडा ओढून आणला, आणि तो दुसरीला नको होता या भरवशावर इतकी वर्षं जगलो.

"हो," मी म्हणाले. "तिघं मला झेपत नव्हते."

अक्काचे हात परत चालायला लागले.

सुमेध माझ्याकडे बघत होता. मग त्याचं ते हसू आलं, आधी पोटात, मग तोंडाशी.

"बरं वाटलं, काकू," तो म्हणाला. "बाकीचे सगळे माझी समजूत घालतात. तू तरी खरं बोललीस."